जर्सी दुसऱ्याची, भांडण आपले

(मंडळाच्या मकर संक्रांत स्नेहमेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर. सभासदांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



तिळगूळ वाटण्याच्या दिवशी फुटबॉलवर काय बोलायचे, असे कार्यकारिणीत दोघा-तिघांनी विचारले. प्रश्न बरोबर आहे. पण गोड बोला असे वर्षातून एक दिवस म्हणायचे आणि उरलेले दिवस कशावरून कडू बोलायचे हे तपासायचेच नाही, हेही काही खरे नव्हे. आपल्या मंडळात अलीकडे सर्वांत कडू बोलणे झाले ते ना हिशेबावरून झाले, ना निवडणुकीवरून. ते झाले अर्जेंटिना आणि फ्रान्स या दोन देशांवरून. म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

१८ डिसेंबर २०२२, रविवारची रात्र. ज्येष्ठांपैकी बरेच जण थंडीमुळे आले नव्हते, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विश्वचषकाचा अंतिम सामना होता. सभागृहात मोठा पडदा लावावा अशी मुलांची इच्छा होती. वर्गणी आम्हीच गोळा केली. पडदा भाड्याने आणला, चहा-कचोरी सांगितली. इतकेच करून थांबलो असतो तर बरे झाले असते. पण रंगत यावी म्हणून खुर्च्यांच्या दोन बाजू केल्या, एकीकडे अर्जेंटिना आणि दुसरीकडे फ्रान्स, आणि फळ्यावर दोन्हीकडच्या मुलांची नावे खडूने लिहिली. ती नावे आमच्याच हातची आहेत, हे आधीच कबूल करतो.

सामना कसा झाला ते सगळ्यांना माहीत आहे. अर्जेंटिना दोन गोलांनी पुढे होती, शेवटची दहा मिनिटे राहिली असताना एम्बाप्पेने दोन मिनिटांत दोन गोल केले, जादा वेळेत ३-३ झाले आणि पेनल्टीवर अर्जेंटिना ४-२ ने जिंकली. पण आपल्या सभागृहात निकाल त्याआधीच लागला होता. बरोबरी झाली तेव्हा इकडच्या एकाने तिकडच्या एकाला काहीतरी म्हटले, त्याने आईवरून उत्तर दिले, एक खुर्ची उचलली गेली आणि एका पोराच्या भुवईवर दोन टाके पडले. ही दोन्ही घरे चार पिढ्या एका गल्लीत आहेत. एकाच्या आजोबांनी दुसऱ्याच्या आजोबांच्या मुंजीत वाढप केलेले आहे. त्यानंतरच्या संक्रांतीला या घरची सवाष्ण त्या घरी हळदीकुंकवाला गेली नाही. पुढच्या वर्षी गेली, ती दोन्हीकडच्या आज्यांनी डोळे वटारले म्हणून.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यातल्या एका मुलाला विचारले, अरे, अर्जेंटिना तुझी कोण लागते? तो इथल्या रिवाजाप्रमाणे हिंदीत म्हणाला, "काका, अपनी टीम तो है ही नहीं, तो किसी न किसी को तो अपना मानना पड़ेगा."

मित्रांनो, हे उत्तर आम्हाला आजही टोचते. पोराने खरे सांगितले होते. अभिमान वाटावा अशी भूक आहे, पण आपल्या घरात शिजलेले काही नाही, म्हणून शेजारच्या ताटावर भांडण.

आपल्यापैकी ज्यांचे सोयरे कोल्हापुरात आहेत ते म्हणतील, हे तर कोल्हापुरातही चालते. खरे आहे. विश्वचषक आला की तिथल्या पेठांतून ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, खेळाडूंचे मोठाले फलक उभे राहतात. पण कोल्हापुराची एक गोष्ट आपण विसरू नये. तिथे पेठेपेठेचा स्वतःचा संघ आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ ही नावे तिथल्या बायकामुलांना पाठ आहेत. शाहू स्टेडियमवर त्यांचे सामने होतात आणि माणसे ते पाहायला गर्दी करतात. हुल्लडही होते आणि पोलिसांना मध्ये पडावे लागते, ते काही भूषण नाही. पण मेस्सीचा झेंडा लावणारा पोरगा संध्याकाळी स्वतः बूट घालून मैदानात उतरतो. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक आपल्या देशात झाला, तेव्हा भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तो संघ तिन्ही सामने हरला, पण कोलंबियाविरुद्ध मणिपूरच्या जीक्सन सिंगने गोल केला आणि फुटबॉलच्या कोणत्याही विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल ठरला. आमच्या दृष्टीने त्या एका गोलाची किंमत सगळ्या झेंड्यांहून जास्त आहे.

आता आपल्या गावाचा हिशेब पाहू. आमचा जन्म जमाखर्चात गेला, म्हणून दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवतो.

पहिली नोंद ६ ऑक्टोबर २०२४ ची. शंकरपूरच्या नव्या स्टेडियमवर भारत आणि बांगलादेश यांचा टी-ट्वेंटी सामना होता. ग्वाल्हेरला आंतरराष्ट्रीय क्रिकेट चौदा वर्षांनी आले होते. त्याआधी ऑगस्टमध्ये बांगलादेशात सत्तापालट झाला होता, तिथल्या हिंदूंवर हल्ले झाले होते, आणि त्याच्या निषेधार्थ हिंदू महासभेने त्या दिवशी ग्वाल्हेर बंदची हाक दिली. प्रशासनाला मनाईचे आदेश काढावे लागले. सामना झाला आणि भारताने तो सात गडी राखून जिंकला. ज्यांना तिथल्या लोकांचे दुःख वाटले त्यांच्या भावनेला आम्ही नावे ठेवत नाही. माणसाला दुःख झालेच पाहिजे. त्या आठवड्यात बाड्यावर, दाल बाजारात, बँकेत काउंटरच्या दोन्ही बाजूंना, राष्ट्राचा सन्मान हाच विषय होता, एवढेच आम्ही नोंदवतो.

दुसरी नोंद १८ नोव्हेंबर २०२५ ची. त्याच बांगलादेशाने ढाक्यात भारताला फुटबॉलमध्ये १-० असे हरवले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्याच्या महिनाभर आधी मडगावात सिंगापूरने आपल्याला २-१ ने हरवले होते आणि २०२७ च्या आशियाई चषकाचा दरवाजा तिथेच बंद झाला होता. दुसऱ्या दिवशी बाड्यावर चहाच्या टपरीपाशी आम्ही मुद्दाम उभे राहिलो. एकानेही विषय काढला नाही. बँकेत पाच जणांना विचारले, चौघांना सामना होता हेच ठाऊक नव्हते. पाचव्याने विचारले, "कौन सा, क्रिकेट का?"

समोरचा देश तोच आणि राष्ट्राचा सन्मानही तोच. एका वेळी शहर बंद करायला निघालो आणि दुसऱ्या वेळी हरल्याचेही कळले नाही. मग त्या पहिल्या वेळच्या अभिमानात राष्ट्र किती होते आणि शत्रू सापडल्याचा आनंद किती होता, हे आपले आपणच तपासावे.

आणखी महिन्याभराने, १३ डिसेंबर २०२५ ला, मेस्सी कोलकात्यात आले. लोकांनी हजारो रुपयांची तिकिटे घेतली होती. मेस्सी थोडा वेळ मैदानात होते, भोवती बड्या लोकांचा गराडा, गॅलरीतल्यांना नीट दिसलेसुद्धा नाही. ते गेल्यावर लोकांनी बाटल्या फेकल्या आणि सॉल्ट लेकच्या स्टेडियमची मोडतोड केली. एके काळी ज्या शहराने देशाला फुटबॉल शिकवला, त्या शहराची ही अवस्था. तिथे आपल्या ग्वाल्हेरच्या पोराला काय बोल लावणार?

आपल्याला फुटबॉल येतच नव्हता, असेही नाही. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळांत आपण इराणला हरवून सुवर्णपदक जिंकले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो आणि मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकट्याने तीन गोल केले. १९५० च्या विश्वचषकात तर जागा मिळूनही आपण गेलो नाही. अनवाणी खेळू देत नव्हते म्हणून गेलो नाही, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, पण त्या काळच्या खेळाडूंनीच पुढे सांगितले की महासंघाला ऑलिंपिक मोठे वाटत होते, विश्वचषकाची किंमतच कळली नव्हती. आणि आज? २०२६ च्या विश्वचषकासाठी संघ ३२ वरून ४८ केले, तरी त्यात भारत नाही. क्युरासाओ नावाचे दीड लाख वस्तीचे बेट मात्र पात्र ठरले. आपल्या ग्वाल्हेर शहराची वस्ती २०११ च्या जनगणनेतच दहा लाखांवर होती. दीड लाखांत अकरा सापडतात आणि दीडशे कोटींना सापडत नाहीत, तर दोष रक्ताचा नाही. मैदानाचा आहे, आणि सवयीचा.

आता कोणी म्हणेल, साहेब, एवढे काय मनाला लावून घेता? खेळात चुरस नको तर काय आरती करायची? चुरस जरूर हवी. चुरस नसेल तर खेळाला चव नाही. पण चुरस आणि वैर यांच्यामधली रेघ पुसली की काय होते, त्याचा एक दाखला देतो. तो दूरच्या देशातला आहे, पण आपल्यासारख्या घरांना तो जवळचा वाटावा.

मध्य अमेरिकेत एल साल्वाडोर आणि होंडुरास हे दोन शेजारी देश आहेत. १९६९ च्या जूनमध्ये विश्वचषकाच्या पात्रतेसाठी त्यांचे तीन सामने झाले. दोन्हीकडे पाहुण्या संघाला रात्रभर हॉटेलखाली गोंगाट करून झोपू दिले नाही, प्रेक्षकांना मारहाण झाली. तिसरा सामना मेक्सिकोत झाला आणि एल साल्वाडोर ३-२ ने जिंकले. १४ जुलैला दोन्ही देशांत युद्ध सुरू झाले. चार दिवसांत काही हजार माणसे मेली. जग त्याला फुटबॉलचे युद्ध म्हणते.

पण खरे कारण फुटबॉल नव्हते. साल्वाडोर हा दाट वस्तीचा छोटा देश. तिथले सुमारे तीन लाख लोक कित्येक वर्षांपासून होंडुरासमध्ये जाऊन शेती करत होते. त्यांची मुलेबाळे तिथेच झाली होती. होंडुरासमध्ये जमिनीचा प्रश्न पेटला तेव्हा सरकारने कायदा करून या लोकांच्या जमिनी काढून घ्यायला सुरुवात केली. मोठ्या जमीनदारांना हात लावण्यापेक्षा ते सोपे होते. फुटबॉलने फक्त काडी लावली. सामने झाल्यावर ज्यांची घरे जाळली, ज्यांना मुलांना कडेवर घेऊन सीमेकडे पळावे लागले, ते हे स्थायिक लोक. त्यातल्या कितीकांनी तो सामना पाहिलाही नसेल. आणि ज्या विश्वचषकासाठी हे सगळे झाले, त्या १९७० च्या विश्वचषकात साल्वाडोरचा संघ तिन्ही सामने हरला. एक गोलसुद्धा करता आला नाही.

मंडळी, आपण कोण आहोत? दौलतराव शिंद्यांनी १८१० साली इथे लष्कराची छावणी टाकली, त्या लष्कराबरोबर आणि त्यामागून आलेली आपली घरे. दोनशे वर्षे झाली. आपल्या घरात वरण-भात, दारात हिंदी. शिंदे की छावणी, फालका बाजार ही नावे आता सगळ्यांची झाली. पण अभिमानाला जेव्हा शत्रू हवा असतो तेव्हा दोनशे वर्षे एका क्षणात पुसली जातात.

२००८ साली मुंबईत रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मारहाण झाली, तेव्हाची गोष्ट. आमच्या काउंटरवर एक गृहस्थ आले. पंधरा वर्षांची ओळख, दर महिन्याला पासबुक भरून घ्यायला यायचे, दिवाळीला घरचे लाडू आणायचे. त्यांनी पासबुक पुढे सरकवले आणि अगदी शांतपणे विचारले, "साहब, आप लोग बंबई में हमारे लड़कों को क्यों मार रहे हैं?"

आप लोग! आम्ही मुंबईत आयुष्यात तीनदा गेलो असू, तेही लग्नांना. आमचे पणजोबा ग्वाल्हेरात जन्मले आणि इथेच गेले. पण त्या दिवशी त्यांच्या लेखी आम्ही त्या मारणाऱ्यांच्या संघात होतो. आमच्या पाठीवर कोणीतरी न विचारता जर्सी चढवली होती. त्या गृहस्थांवर आमचा राग नाही. त्यांचा पुतण्या त्या परीक्षेला गेला होता, हे आम्हाला नंतर कळले.

फुटबॉलमध्ये ही गोष्ट मेसुत ओझिलने जगासमोर मांडली. आजोबा तुर्कस्तानातून जर्मनीत आलेले, स्वतः ओझिल जर्मनीत जन्मलेला, २०१४ मध्ये जर्मनीला विश्वचषक जिंकून देणाऱ्या संघातला. २०१८ मध्ये त्याने तुर्की राष्ट्राध्यक्षांबरोबर फोटो काढला, त्यावरून टीका झाली, आणि पुढे जर्मनी पहिल्याच फेरीत बाद झाल्यावर सगळे खापर त्याच्यावर फुटले. त्या जुलैत राष्ट्रीय संघ सोडताना त्याने जे म्हटले त्याचा मतलब असा, की जिंकलो तर मी जर्मन आणि हरलो तर बाहेरून आलेला. फोटो काढायला हवा होता की नाही, यावर वाद होऊ शकतो. पण हरल्यावरच त्याचे आजोबा कुठले हे का आठवले, यावर वाद होऊ शकत नाही.

आपल्याकडेही तेच झाले. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये वंदना कटारियाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये असे करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. त्यानंतर चारच दिवसांनी संघ उपांत्य सामना हरला आणि हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर जातीवरून शिवीगाळ झाली, फटाके वाजवले गेले. तिच्या घरच्या माणसांनी त्या रात्री काय सोसले असेल! आणि हे करणारे स्वतःला देशप्रेमीच समजत असणार.

मग अभिमान धरायचाच नाही का? धरायचा. आणि तो कसा धरायचा हे शिकायला आपल्याला ग्वाल्हेरच्या बाहेर जायची गरज नाही.

कॅप्टन रूपसिंह हे नाव आज आपण स्टेडियमच्या फलकावर वाचतो. ते मेजर ध्यानचंद यांचे धाकटे भाऊ. जन्म जबलपूरचा, नोकरी इथल्या शिंदे सरकारच्या फौजेत, आणि १९७७ मध्ये देह ठेवला तोही इथेच. म्हणजे तेही आपल्यासारखे बाहेरून येऊन ग्वाल्हेरचे झालेले. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ असे हरवले, त्यात दहा गोल एकट्या रूपसिंहांचे होते, थोरल्या भावापेक्षा दोन जास्त.

१९३६ च्या बर्लिनमध्ये अंतिम सामना जर्मनीशी होता. हिटलरचा काळ. स्पर्धेआधीच्या सरावाच्या सामन्यात जर्मनीने आपल्याला ४-१ ने हरवले होते, त्यामुळे मनात धास्ती होती. खेळायचे तर इंग्रजांच्या झेंड्याखाली, कारण आपल्या देशाला झेंडा नव्हता. तेव्हा संघाचे पंकज गुप्ता यांनी खेळाडूंच्या खोलीत काँग्रेसचा तिरंगा काढला. खेळाडूंनी त्याला वंदन केले आणि मैदानात गेले. हे ध्यानचंद यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. तारीख होती १५ ऑगस्ट. भारत ८-१ ने जिंकला.

त्या खोलीत घोषणा नव्हती आणि पाहायला गर्दीही नव्हती. अभिमान त्यांनी दार लावून धरला आणि मैदानात खेळून दाखवला.

तसेच १९६२ चे जकार्ता. आशियाई खेळांत इस्राएल आणि तैवानला येऊ दिले नाही म्हणून आपल्या गुरुदत्त सोंधी यांनी हरकत घेतली होती, त्यामुळे तिथली जनता भारतावर चिडली होती. आपल्या वकिलातीवर जमाव चालून गेला. फुटबॉलच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध सारे स्टेडियम आपल्या विरोधात ओरडत होते. डोक्याला टाके पडलेले जर्नेल सिंग बचाव सोडून पुढच्या फळीत खेळले आणि त्यांनी गोल केला, दुसरा गोल पी. के. बॅनर्जींचा, आणि आपण २-१ ने सुवर्णपदक जिंकले. त्या स्टेडियमात आपल्या बाजूने ओरडणारे मूठभर लोक होते, त्यांत पाकिस्तानचा हॉकी संघ होता, असे त्या भारतीय संघातील खेळाडूंनी पुढे सांगितले आहे. त्याच संघाने नुकतेच हॉकीच्या अंतिम सामन्यात आपल्याला हरवले होते. हरवायच्या वेळी हरवले आणि परक्या मुलुखात एकटे पडलेल्या शेजाऱ्याच्या पाठीशी उभे राहिले. चुरस असावी तर अशी.

आज संक्रांत आहे. १७६१ ची संक्रांत आपल्या कोणत्याच घरात विसरली जात नाही. पानिपताहून महादजी शिंदे पायाला कायमची जखम घेऊन परतले. त्यांना बैलावर घालून वाचवले ते राणे खान नावाच्या मुसलमान भिश्त्याने, आणि महादजींनी त्याला जन्मभर भाऊ मानले. एवढ्या मोठ्या पराभवानंतर महादजींनी काय केले? दहा वर्षांत मराठे पुन्हा दिल्लीत आले. आणि पुढे महादजींनी आपली फौज कवायती करण्यासाठी द बॉइन नावाचा परदेशी माणूस नोकरीला ठेवला. आजच्या भाषेत परदेशी प्रशिक्षक! त्या कवायती पलटणींना कंपू म्हणत. आपल्या लष्करातला कंपू हा शब्द त्याच कुळातला.

आणि आज त्याच कंपूत २००६ पासून मुलींची हॉकी अकादमी आहे. वेगवेगळ्या राज्यांतून आलेल्या मुली पहाटे धुक्यात सराव करतात. या सभागृहातल्या किती जणांनी त्यांचा एक तरी सामना पाहिला आहे? हात वर करा म्हणत नाही, कारण आमचाही हात वर होणार नाही.

रूपसिंहांच्या नावाचे मैदान मूळ हॉकीचे. आपण त्याचे क्रिकेटचे केले. तिथेच २४ फेब्रुवारी २०१० ला सचिनने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २०० केले, पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यातले पहिले द्विशतक. त्या दिवशी आपली छाती फुगली. शेजारी बसलेल्या हिंदी माणसाचीही तेवढीच फुगली आणि कोणी कोणाला आप लोग म्हटले नाही. आम्हाला त्या दिवसाचा आनंद आहे. पण हॉकीचे मैदान देऊन तो मिळाला, हे हिशेबात लिहून ठेवावे लागते.

आता कामाचे बोलतो. कार्यकारिणीपुढे चार सूचना ठेवतो.

एक. यापुढे सभागृहात कोणत्याही स्पर्धेचा सामना दाखवायचा असेल, तर त्या आठवड्यात आधी आपल्या मुलामुलींचे स्वतःचे सामने व्हावेत. संघ घरांप्रमाणे किंवा गल्लीप्रमाणे पाडू नयेत, चिठ्ठ्या टाकून पाडावेत. फळ्यावर दोन देशांखाली मुलांची नावे लिहिली जाणार नाहीत. खडू आम्ही परत केला आहे.

दोन. पुढच्या नगरनिगम निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, एकच प्रश्न विचारावा. तुमच्या वॉर्डात मुलांना रोज संध्याकाळी फुकट खेळता येईल असे मैदान कोणते, आणि वर्षातले किती दिवस ते लग्नांना, मेळ्यांना आणि सभांना दिले जाते? उत्तर लेखी घ्यावे आणि याच पत्रिकेत छापावे. निवडून आलेल्या पार्षदाचे उत्तर दर वर्षी पुन्हा छापावे. राष्ट्राच्या अभिमानावर भाषण कोणीही देईल. मैदानाचे दिवस मोजून सांगणारा उमेदवार पाहायचा आहे.

तीन. महिन्यातून एका रविवारी मंडळाच्या वीस माणसांनी कंपूत जाऊन मुलींचा खेळ पाहावा, जिथे पाहू देतील तिथे. सोबत तिळगूळ न्यावा, बाकी काही नको.

चार. आणि ही सर्वांत महत्त्वाची. कोणत्याही सामन्यानंतर, कोणत्याही घटनेनंतर, या शहरात कोणालाही त्याच्या जातीवरून, धर्मावरून किंवा आजोबांच्या गावावरून आप लोग म्हटले गेले, तर त्याच्या बाजूने उभे राहणारे पहिले मंडळ आपले असावे. ज्यांना एकदा परक्याची जर्सी घातली गेली आहे, त्यांना दुसऱ्याच्या अंगावरची ती आधी दिसली पाहिजे.

मघाशी ज्या दोन मुलांची गोष्ट सांगितली ती दोघेही आज इथे आहेत. नावे घेणार नाही, एकाच्या भुवईवरून कळेलच. आत येताना पाहिले, दोघे मिळून चपला नीट लावत होते. तो प्रश्न मात्र अजून तसाच आहे, की अपनी टीम तो है ही नहीं. तो आपण त्यांच्यावर टाकला आहे, त्यांनी आपल्यावर टाकलेला नाही. संघ मैदानातून येतो, आणि मैदान राखणे हे मोठ्यांचे काम आहे.

आज सगळे म्हणतील, तिळगूळ घ्या, गोड बोला. आम्ही एवढेच जोडतो, की हरल्यावरही गोड बोला, कारण जिंकल्यावर कोणीही बोलतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र, आणि जय ग्वाल्हेर.